खुंटीवरचा मुनी

अप्पांचा बिल्ला अजून खुंटीवर आहे.

आमच्या एक्स-रे सेंटरच्या बोळात, पाण्याच्या माठाच्या वर, बिल्ल्यांसाठी खुंट्या आहेत. खिडकीकडची खुंटी त्यांची, आमच्या जुन्या एक्स-रे टेक्निशियनची. ते गेले त्याला महिना होऊन गेला, पण ती खुंटी रिकामी करायला कुणाचा हात धजला नाही. आता मात्र तिमाही संपत आली आहे. बिल्ल्यांतली कार्डं काढून प्रयोगशाळेला पाठवायची वेळ झाली, आणि नेमका परवा पिंगळीहून अप्पांच्या बायकोचा, काकूंचा, फोन आला.

"त्यांच्या छातीवरचं त्ये माझ्याकडं दे, माय. कुठं धाडू नको."

मी "बघते" म्हणाले. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ त्या खुंटीकडे बघत उभी राहिले.

बिल्ला म्हणजे आगपेटीएवढी प्लास्टिकची डबी, मागे चिमटा. आत कागदात गुंडाळलेलं एक पातळ पत्र्याचं कार्ड असतं आणि त्यावर तीन चकत्या. एक्स-रेचं काम करणाऱ्याच्या अंगावर जेवढे किरण पडतील तेवढे या चकत्या आपल्यात साठवून ठेवतात. तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत ते कार्ड तापवतात. तापलं की चकत्यांतून उजेड बाहेर पडतो. जितका उजेड, तितके किरण. पण हे एकदाच. एकदा तापवलं की चकत्या कोऱ्या होतात, आणि तेच कार्ड पुढे दुसऱ्या कुणाच्या तरी नावानं, कुठल्या तरी दुसऱ्या गावी जातं.

म्हणजे कार्ड पाठवलं तर अप्पांचे शेवटचे दिवस त्यातून पुसले जाणार. नाही पाठवलं, तर ज्या नियमासाठी अप्पांनी जन्मभर सगळ्यांना भंडावून सोडलं, तोच नियम त्यांच्याच कार्डासाठी मोडल्यासारखं होणार. काकूंना काय सांगावं ते ठरत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. लिहिलं की मला जरा नीट विचार करता येतो. अप्पांना ही सवय ठाऊक होती. "हिला काय इचारू नगा, उद्या लिहून आणंल," असं ते म्हणायचे.

मी या सेंटरमध्ये लागले तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. चष्म्यावरून बघत म्हणाले,

"मुनी आला का तुझा?"

मला वाटलं हे कुणा नातेवाइकाबद्दल विचारतायत. मग त्यांनी आपल्या छातीवरच्या बिल्ल्यावर बोट ठेवलं. ते बिल्ल्याला मुनी म्हणत. सगळं बघतो आणि बोलत नाही, म्हणून मुनी. माझ्या नावाचा बिल्ला प्रयोगशाळेकडून यायला वेळ होता. तो येईपर्यंत अप्पांनी मला एक्स-रेच्या खोलीत पाऊल ठेवू दिलं नाही. मी बाहेरच्या टेबलाशी बसून पेशंटची नावं लिहायची आणि उरलेल्या वेळात कादंबरी वाचायची. डॉक्टरसाहेबांना, म्हणजे आमच्या मालकांना, ते बघवेना.

"अप्पा, तिला पगार कशाचा देतोय मी? कादंबऱ्या वाचायचा?"

"वाचू द्या की साहेब. वाचून कुणाला किरण लागल्याचं म्या तरी ऐकलं न्हाई."

डॉक्टरसाहेब हसले आणि आत गेले. अप्पांशी वाद घालून उपयोग नसतो हे त्यांना माझ्याआधीच कळलेलं होतं.

अप्पा लिंगायत होते. शर्टाच्या आत, गळ्यात, चांदीच्या डबीत इष्टलिंग. शर्टाच्या बाहेर मुनी. डॉक्टरसाहेब कधीमधी चेष्टा करायचे, "अप्पा, छातीवर दोन-दोन देव घेऊन फिरता, वजन होत नाही का?" अप्पा शांतपणे म्हणत, "आतला मागत न्हाई, भाईरला सांगत न्हाई. वजन कशाचं?" लिंगाची पूजा ते पहाटे घरी करून यायचे. त्या डबीचा दोरा कॉलरमधून दिसायचा, तेवढाच. आत काय आहे ते त्यांनी कधी कुणाला दाखवलं नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

नव्या माणसाला मुनीची ओळख करून देण्याची त्यांची एक पद्धत होती. सोयरीक जुळवणारा मध्यस्थ मुलाबद्दल जसं बोलतो, तशा सुरात ते सांगायचे.

"खाणं न्हाई, पिणं न्हाई, सेल लागत न्हाई. अंगानं बारीक, वागवायला हलका. थोडं बी धरतो आन लय बी धरतो. एकदा जबानी झाली की कोरा होऊन परत कामाला हजर. आता ऐब म्हणशील, तर हाय एक. येळेवर तोंड उघडत न्हाई. तू किरणात उभी ऱ्हाऊन भाजून निघालीस तरी 'सरक बाई' म्हणणार न्हाई. तीन महिन्यांनी सांगंल, हिला लय लागलं व्हतं म्हणून."

"मग उपयोग काय अप्पा?"

"उपयोग हाच, की कुणीतरी धेनात ठेवलंय."

बिल्ला लावला की किरण बाधत नाहीत, असं समजणारे लोक असतात. आमच्याकडे शिकलेलेही असे निघाले. त्यांना अप्पा म्हणत, "तावीज न्हाई त्यो. वाचवायचं काम शिशाच्या एप्रनचं, भिंतीचं, आन तुमच्या अकलंचं. ह्यो फकस्त हिशेब धरतो."

जिंतूर, पाथरीकडून येणारे पेशंट तो बिल्ला बघून हमखास विचारायचे. एकदा एका म्हाताऱ्यानं छातीच्या एक्स-रेसाठी उभं राहता राहता विचारलं, "कंडक्टर हाव का तुमी?"

"हाव की."

"मग ह्ये काय करायलाव हितं?"

"माझी गाडी हितंच थांबती. हनुवटी वर करा बाबा. दम घ्या. धरा. धरून ठेवा. आता सोडा, देवाचं नाव घेऊन."

ते शेवटचे शब्द प्रत्येक पेशंटला असायचे. मौलानांना, मारवाड्याला, चड्डीतल्या पोराला, सगळ्यांना. कुणाचा देव कुठला, ते विचारत नसत.

बिल्ला सेंटरबाहेर न्यायचा नाही, हा त्यांचा कडक नियम. काम संपलं की काढायचा, खुंटीला लावायचा, मगच चप्पल घालायची. एकदा संध्याकाळी घाईत ते तसेच पिंगळीच्या पॅसेंजरला बसले. डब्यातल्या कुणीतरी त्यांना टी.सी. समजून उठून जागा दिली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. पिंगळीला उतरले आणि स्टेशनातून बाहेरच पडले नाहीत. परत येणाऱ्या गाडीची वाट बघत बाकावर बसले, परभणीला आले, किल्ली मागायला डॉक्टरसाहेबांच्या घरी गेले, बिल्ला खुंटीला लावला आणि मग मिळेल त्या जीपनं घरी पोचले. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "अप्पा, एक रात्र घरी राहिला असता तर काय बिघडलं असतं?"

"घरात तुझी काकू हाय. तिनं हात लावला असता, उन्हात ठेवला असता, चुलीजवळ ठेवला असता. तिला वाटतं मी कायतरी तोलामोलाचं लावून फिरतोय."

तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. काकूंना खरंच काय वाटतं, हे मी कधी विचारलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला आमच्याकडे एक्स-रे मशीनची पूजा व्हायची. डॉक्टरसाहेब स्वतः मशीनला झेंडूची माळ घालत आणि हळदकुंकू वाहत. एका वर्षी भक्तीच्या भरात त्यांनी खुंटीवरच्या बिल्ल्यांनाही कुंकवाची बोटं लावली. अप्पा ओलं फडकं घेऊन धावले.

"साहेब, ह्याला गंध लावू नगा. ह्याची पूजा म्हंजे ह्याला कुणी हात न लावणं."

"अहो, शस्त्र आहे ते आपलं."

"शस्त्र न्हाई. गवाह हाय. गवाहाला हार घालायलाव तुमी, लोकं काय म्हणतील?"

अप्पांचा मोठा हट्ट वस्तू जागच्या जागी असण्याचा. शिशाचा एप्रन घडी घालून ठेवला की आतून चिरतो. वरून दिसत नाही, पण त्या चिरेतून किरण येतात. म्हणून एप्रन नेहमी सरळ टांगलेला हवा. आणि बिल्ल्यांना वेगळ्या खुंट्या नव्हत्या तेव्हा, बिल्ला हरवू नये म्हणून त्यांनीच नियम केला होता: काम संपलं की ज्याचा बिल्ला त्याच्या एप्रनला आतून लावलेला, आणि ज्याचा एप्रन त्याच्या खुंटीला, बाहेर बोळात. खोलीत नाही. या नियमात कुठे फट असेल असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं.

तेव्हाच एका वर्षी दिवाळीआधी बोळाला चुना मारायचा होता. मी भावाच्या साखरपुड्यासाठी जिंतूरला माहेरी गेले होते. चुन्याचे शिंतोडे एप्रनवर उडतील म्हणून अप्पांनी माझा एप्रन उचलला आणि घडी न घालता, सांभाळून, आत एक्स-रेच्या खोलीत छातीच्या स्टँडशेजारच्या खिळ्याला टांगला. मी परतायच्या आत बोळ वाळला, एप्रन पुन्हा खुंटीवर आला. मला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. अप्पांनाही त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नसणार.

पुढे त्या तिमाहीचा अहवाल आला तेव्हा थंडी सरत आली होती, आणि मला दिवस जाऊन तिसरा महिना लागला होता. अहवालात माझ्या नावापुढे मोठा आकडा होता. सोबत पत्र होतं: एवढे किरण कसे लागले, खुलासा करावा.

त्या तिमाहीच्या अखेरच्या दिवसांतच मला दिवस राहिले होते. बिल्ल्यानं किती ते सांगितलं होतं. कधी, ते सांगितलं नव्हतं. दिवाळीआधी, की नंतर? एका झटक्यात, की रोज थोडे थोडे? आणि तेव्हा बिल्ला माझ्या अंगावर होता का, हेही नाही. ज्या डॉक्टरबाईंकडे मी दाखवत होते, त्या म्हणाल्या की आकडा तुझा असला तरी मूल पाडण्याइतका तो नाही, घाबरू नकोस. पण घरी भीती शिरली ती शिरलीच. सासूबाई रोज देवापुढे बसून स्वतःशी बोलायच्या.  एका संध्याकाळी त्यांनी आणि नवऱ्यानं मिळून माझ्यापुढे तो विषय काढला. पहिलंच आहे, पुन्हा होईल, पण धोका कशाला घ्यायचा. मी पोटावर हात ठेवून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी सेंटरला गेले नाही. दुपारी दारात रिक्षा थांबली. अप्पा उतरले. खांद्यावर माझा शिशाचा एप्रन, घडी न घातलेला, एखाद्या झोपलेल्या मुलाला घ्यावं तसा घेतलेला. एवढं वजन घेऊन त्यांना धाप लागली होती. सासूबाईंना म्हणाले,

"खिळा हाय का एखादा? दाराजवळ."

कॅलेंडरचा खिळा होता. अप्पांनी कॅलेंडर उतरवलं आणि तिथं एप्रन टांगला, आतली बाजू बाहेर करून. बिल्ल्याच्या जागेवर बोट ठेवलं.

"ह्यो हितं, शिसं ह्याच्या मागं. किरणाची नळी तिथं, तुमी उभ्या हाव तिथं. आन ही पोरगी जिंतूरला, साखरपुड्यात जिलबी खायलीय. आठ-धा पेशंट रोज हितं उभं ऱ्हायलं, त्यांच्या बाजूनं जे किरण गेलं त्ये सगळं ह्यानं प्यालं. टांगला कुणी? म्या. चुना उडंल म्हणून टांगला. बिल्ला आत हाय ह्ये माझ्या टकुऱ्यात आलंच न्हाई."

सासूबाई म्हणाल्या, "पर अप्पा, ह्ये कशावरून? कागदावर तर हिचंच नाव हाय."

"कशावरून न्हाई, अव्वा. पूर्वी फिल्मचा बिल्ला व्हता. एका जागी टांगून किरण पडलं तर त्यात सावली ठळक उठायची, माणूस हलता असला तर पुसट. बगून सांगता यायचं. ह्या नव्यात सावली उठत न्हाई. ह्यो किती त्ये सांगतो. कवा, कुणावर, त्ये न्हाई. म्हणून मी सांगायला आलोय."

मग त्यांनी कॉलरमध्ये हात घालून दोरा ओढला. चांदीची डबी बाहेर आली. ती उघडून त्यांनी लिंग डाव्या तळहातावर घेतलं. काळं, गुळगुळीत, चिंचोक्याहून थोडं मोठं. मी ते पहिल्यांदा बघत होते.

"शपथ घ्यायची न्हाई आमच्यात. पर ह्याला हातावर घेऊन खोटं बोलता येत न्हाई. चूक माझी हाय. लेकरू सुखरूप हाय."

 मग सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आत ठिवा त्ये. च्या टाकते. साखर चालती ना तुमाला?"

अप्पांनी खुलासाही स्वतःच्या हातानं लिहिला. डॉक्टरसाहेब म्हणत होते, "जरा सांभाळून लिहा अप्पा, तपासणी लागेल मागे." अप्पांनी सांभाळून काही लिहिलं नाही. तपासणीला माणूस आला, त्यालाही त्यांनी तो खिळा दाखवला. तो गेल्यावर स्वतः तो उपटून काढला आणि बोळात माठाच्या वर बिल्ल्यांसाठी वेगळ्या खुंट्या ठोकल्या. त्या दिवसापासून बिल्ला आणि एप्रन यांची फारकत झाली.

पुढचे महिने मी बाहेरच्या टेबलाशीच होते. तरी अप्पांनी नांदेडच्या एका ओळखीच्या माणसाकडून पेनासारखं एक जुनं यंत्र मिळवलं. खिशाला लावायचं आणि उजेडाकडे धरून एका टोकातून बघायचं. आत पट्टीवर केसासारखी एक रेघ दिसते. किरण लागले तर रेघ सरकते. लगेच कळतं, तीन महिने थांबावं लागत नाही. रोज संध्याकाळी अप्पा मला खिडकीशी उभं करायचे.

"बग. केस जाग्यावर हाय?"

"आहे अप्पा."

"अव्वांना सांग घरी."

आणि घरी गेल्यावर सासूबाईंचा पहिला प्रश्न तोच. "केस हालला का गं?" एकदा ते पेन माझ्या हातून फरशीवर पडलं आणि रेघ भलतीकडे जाऊन बसली. माझा चेहरा उतरला. अप्पांनी ते उचललं, झटकलं, पुन्हा शून्यावर आणून दिलं.

"ह्ये बडबडं हाय. धक्का लागला तरी किंचाळतं. मुनीचं तसं न्हाई. उशिरा बोलंल, पर उगा बोलणार न्हाई. दोघं बी लागतात, माय. एक मनाच्या समाधानाला, एक खऱ्याला."

मुलगी झाली. अप्पा दवाखान्यात बघायला आले. ती टाहो फोडून रडत होती. त्यांनी तिला हातात घेतलं नाही, दुरूनच कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "दम चांगला धरती." आता ती मला उंचीनं मागे टाकायला निघाली आहे. पोहण्याच्या स्पर्धेत उतरते. तिची शर्यत असली की अप्पा आठवणीनं विचारायचे, "दम धरला का तिनं?"

गेल्या पावसाळ्यापासून ते स्वतः मात्र दम खात होते. सेंटरच्या तीन पायऱ्या चढून आल्यावर बोळात माठाजवळ थांबायचे, पाणी पीत आहोत असं दाखवायचे. मी कितीदा म्हटलं, छातीचा फोटो काढू, ईसीजीची पट्टी काढू. हसून म्हणायचे, "तीन महिन्यांनी कळंलच की." डॉक्टरसाहेबांनी शेवटी जबरदस्तीनं तपासलं, गोळ्या दिल्या, नांदेडला जायला सांगितलं. जायचा दिवस ठरला होता. त्याच्या आधीच एका संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखा बिल्ला खुंटीला लावला, चप्पल घातली, पिंगळीला गेले, आणि पहाटे काकूंनी हलवलं तर ते जागे होईनात.

आम्ही सगळे गेलो. मठातले स्वामी आले होते. अप्पांना बसवूनच नेलं, बसवूनच मातीत ठेवलं, त्यांच्यात असतं तसं. डाव्या तळहातावर लिंग. मी ते दुसऱ्यांदा बघत होते.

इथपर्यंत लिहून मी थांबले होते. पुढचं आज लिहिते आहे.

काल दुपारच्या गाडीनं पिंगळीला गेले. डॉक्टरसाहेबांना विचारून बिल्ला पर्समध्ये घेतला. बिल्ला सेंटरबाहेर काढताना अप्पा मागून हाक मारतील असं वाटत राहिलं. काकू ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, हात धुऊन पदराला पुसले, आणि मी काही बोलायच्या आत दोन्ही हात पुढे केले. मी त्यावर बिल्ला ठेवला.

"लिंग तर त्यांच्यासंगं गेलं," काकू म्हणाल्या. "जायलाच पायजे. छातीवरचं म्हणून मागं ह्येच ऱ्हायलं." मग डबी कानाजवळ नेऊन म्हणाल्या, "आता तू मला येवढं सांग. त्या रातीचं ह्याच्यात काय हाय?"

मला कळलं नाही.

"मला झोप लागली व्हती, माय. दिसभर शेंगा फोडल्या व्हत्या, पडल्यापडल्या डोळा लागला. त्यांनी हाक मारली का न्हाई, लय दुखलं का, त्ये मला ठाव न्हाई. त्ये नेहमी म्हणायचे, मुनी समदं बगतो, समदं धेनात ठेवतो. तुमच्याकडं त्याची जबानी घेतात म्हणून म्हणायचे. म्हणून म्हणलं धाडू नको. दुसऱ्या कुणी वाचायच्या आत तू मला सांग."

इतकी वर्षं काकूंनी अप्पांचा शब्द न् शब्द खरा धरला होता. मी आठवडाभर खुंटीकडे बघत जो विचार करत होते, तो आठवण जपण्याचा होता. त्यांना आठवण नको होती. त्यांना उत्तर हवं होतं.

मी त्यांच्याशेजारी बसले. म्हटलं, "काकू, त्या रात्री हा इथं नव्हता. सेंटरमध्ये खुंटीवर होता. अप्पांनीच लावून ठेवला होता. आणि असता तरी त्याला दुखणं कळत नाही. याला फक्त किरण कळतात. छातीवर राहतो, पण छातीतलं याला काही कळत नाही."

काकू डबीकडे बघत राहिल्या.

"म्हंजे ह्याला बी ठाव न्हाई."

"नाही."

"मग तसं आमी दोगं बी सारखंच." त्या किंचित हसल्या. डोळे भरले होते, पण रडल्या नाहीत. "आन तू ह्याला धाडणार तिथं काय करत्यात?"

मी सांगितलं. तीन चकत्या, तापवणं, उजेड, जेवढे किरण तेवढा उजेड, मग कोऱ्या. अप्पांचं कार्ड उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी छातीवर असेल, तेही सांगितलं. आणि नको असेल तर कार्ड काढून रिकामी डबी तुम्हाला देता येईल, डॉक्टरसाहेबांची परवानगी घेतली आहे, हेही.

"रिकामं घेऊन काय करू?" काकू म्हणाल्या. "उजेड पडतो म्हणायलीस?"

"हो. थोडा वेळ. डोळ्यांना दिसत नाही एवढा थोडा. यंत्र बघतं."

"न्हाई धाडलं तर?"

"तर तसाच राहील आत. हळूहळू थोडा कमी होत जाईल."

काकूंनी मग चिमटा उघडून बिल्ला आपल्या पदराला लावला, डाव्या बाजूला, अप्पा लावायचे तिथंच. नीट बसला का ते हातानं चाचपलं आणि उठल्या.

"बस. च्या घेऊन जा."

चहा होईपर्यंत तो त्यांच्या छातीवर होता. गॅसवर पातेलं चढलं, आलं ठेचलं गेलं, कप विसळले गेले. चुलीजवळ नेऊ नका म्हणून अप्पा धावले असते. मी काही म्हणाले नाही. चहाचा कप माझ्यापुढे ठेवल्यावर काकूंनी बिल्ला काढला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला.

"धाडून दे. अंधारात कशापायी ठेवायचं त्येला."

आज सकाळी सगळी कार्डं बांधली. अप्पांच्या कार्डाच्या कागदावर त्यांचं नाव छापलेलं आहे; ते वर आलं, मग माझ्या कार्डाखाली गेलं. अहवाल यायला वेळ लागेल. त्यांच्या नावापुढे बहुधा शून्य येईल, दर वेळी यायचं तसंच. शून्य म्हणजे काम केलं नाही असं नाही, नीट केलं असं, हे ते मोठ्या तोऱ्यात सांगायचे. त्या शून्यात अप्पांच्या शेवटच्या दिवसांबरोबर काकूंचा एक चहा उकळेपर्यंतचा वेळही असेल.